तिसरा गठ्ठा

अक्षय तृतीयेच्या अगोदरचा रविवार. सकाळचे अकरा. मोताळ्याजवळचं आमचं गाव, मालकांचं घर, मागचं अंगण. लग्नाआधीचं साड्यांचं वाटप.

हजर: काकू, म्हणजे मालकीणबाई. त्यांची पुण्याची सून. भावकीतल्या पाच-सहा बायका, पुढे सतरंजीवर. कामाच्या एकोणीस बायका, मागे चुलीजवळ, खाली. त्या एकोणीस जणींत माझी माय. आणि मी, टेबलाशी, पेन आणि यादी घेऊन.

टेबलाशी मी असायची कारण मला याद्या करता येतात. शाळेत लिपिक आहे. हजेरीपट, दाखले, वह्यांचं वाटप, सगळं माझ्याकडे. मालकांच्या घरी लग्न निघालं की काकूंचा निरोप यायचा, आणि मी रजा टाकून जायची. मला त्याचा अभिमान होता. मालकांच्या घरात मला बसायला खुर्ची मिळत होती.

देण्याघेण्याच्या साड्यांचे तीन गठ्ठे असतात. पहिला सोयऱ्यांचा, दुकानातून निवडून आणलेला. दुसरा भावकीचा, त्याच दुकानातला, पण खालच्या फळीवरचा. तिसरा विकत आणत नाहीत. इकडच्या तिकडच्या लग्नांत आहेरात आलेल्या, कुणालाच नेसायच्या नसलेल्या साड्या कपाटाच्या तळाला साठवतात. त्या कामाच्या बायकांना देतात.

साडी देताना तिच्या काठाला हळदकुंकू लावायची आपल्याकडे रीत. त्यामुळे अशी फिरती साडी ओळखू येते. जितक्या घरांतून फिरली, तितके डाग. म्हणून तिसऱ्या गठ्ठ्याची घडी उलटवायची असते, डाग आत जातील अशी. ही युक्ती काकूंना मी सांगितली होती. दरवेळी मीच घड्या उलटवायची. या वेळी यादी लांबली, म्हणून ते काम मी सूनबाईंवर सोपवलं. त्यांना रीत ठाऊक नव्हती. घड्या होत्या तशाच राहिल्या.

नाव मी वाचायचं, साडी सूनबाईंनी द्यायची, बाईने वाकून नमस्कार करायचा. सातवं नाव मायचं.

माय भाजीचे वाफे करते. मालकांच्या घरी लग्न ठरलं की आठ दिवस आधी जाऊन विचारते, वांगी भरायची पाहिजेत की रस्स्याची. भरायची म्हटलं तर लहान, काटेरी, एका मापाची तोडून आणते. कोथिंबीर पहाटे काढते, मुळांसकट, ओल्या फडक्यात. ते तिच्याकडून लग्नाला देणं. दरवेळी विचारून. दरवेळी त्यांना हवं तेच.

तिने साडी हातात घेतली. पिवळसर, नायलॉनची. काठाला एका ओळीत तीन ठिपके. एक ताजा, दोन वाळून तपकिरी झालेले. मायने त्यांवरून अंगठा फिरवला. नमस्कार केला नाही. काकूंकडे पाहून हळूच म्हणाली,

"काकू, मले लुगडं नको. बजारात दिवसभर पोत्यावर बसा लागते. गुडघे गेले. पाठ टेकाले एखांदी खुर्ची असन त द्या. जुनी चालन."

अंगणात भिंतीला लागून पंधरा-वीस जुन्या खुर्च्या रचून ठेवल्या होत्या. नव्या आल्या होत्या.

काकू आधी थांबल्या. मग हसल्या.

"अवं, खुर्चीवर बसून मेथी इकशीन का आता? गिऱ्हाईक उभं, आन् तू बसेल?"

भावकीतली एक म्हणाली, मग टेबलही द्या तिला, हापिस उघडते. सतरंजीवरच्या सगळ्या हसल्या. मागच्या अठराही हसल्या, कारण पुढच्या हसत होत्या. काकू माझ्याकडे वळल्या.

"लिह्य वं, तुह्या मायच्या नावापुढं. सिंहासन."

आणि मी हसले.

हे लिहायचं टाळलं असतं तर बरं वाटलं असतं. पण मी हसले. पेन हातात होतं, मान खाली होती, आणि तोंडावर तेच हसू होतं जे साहेबाच्या विनोदाला शाळेत येतं.

मान वर केली तेव्हा मायने खाली बसून साडी मांडीवर घेतली होती. ती घडी उलटवत होती. ठिपके आत, कोरी बाजू बाहेर. शेजारणीला दिसू नये म्हणून. त्यांच्या घराची लाज ती झाकत होती. ज्यांनी तिला हसण्यावारी नेलं त्यांची. ती युक्ती तिला कुणी शिकवली नव्हती. इतकी वर्षं घेता घेता आपोआप आली होती.

मी उठले. मायच्या मांडीवरची साडी घेतली. घडी मोडली आणि काठ वर करून टेबलावर ठेवला.

"काकू, याच्यावर तीन ठिपके हायेत. तीन घरांनं हे नेसलं नाही. चौथं घरबी नेसत नाही."

कुणी हसलं नाही. सूनबाई पुटपुटल्या, मला काय माहीत, घडी कशी घालायची ते कुणी सांगितलंच नाही. त्यांना वाटलं चूक घडीची आहे. काकूंना चूक कळली होती. त्यांचा आवाज खाली आला.

"आहेराले नाही म्हणत नसतात. तुले खुर्चीवर बसवलं, तेच चुकलं."

मी म्हटलं, हो. यादी टेबलावर ठेवली. बारा नावं वाचायची राहिली होती. मायचा हात धरून पुढच्या दाराने बाहेर पडले. मागच्या दाराने गेलो असतो तर जवळ पडलं असतं.

मायच्या घरी पाणी पिऊन झाल्यावर मी जरा चढ्या आवाजातच विचारलं, खुर्ची पाहिजे होती तर मला का नाही सांगितलं? मी कमावते, मी नसती का आणली?

ती म्हणाली, "तूबी लुगडंच आणते ना वं दिवाळीले. मले वाटलं, देणाराले तेवढंच समजते."

एवढंच. रागाने नाही. भाव सांगावा तशी.

मग तिने पलंगाखालची पेटी ओढून दाखवली. मालकांच्या घरच्या साड्या आणि माझ्या साड्या एकमेकींवर रचलेल्या. एकही नेसलेली नाही. माझ्यांवर कुंकवाचा एकच ठिपका होता. तेवढाच फरक. जगाच्या याद्या मी केल्या. माझ्या आईला काय पाहिजे, हे माझ्या एकाही कागदावर नव्हतं.

दुसऱ्या दिवशी खुर्ची आणली. घडीची, पाठीला पट्टा असलेली. पुढच्या बाजाराला माय तिच्यावर बसली. दोन गिऱ्हाइकांनी टोमणा मारला, एकाने पुढं जाऊन दुसरीकडून मेथी घेतली. ती उठली नाही.

त्या आठवड्यात मालकांच्या घरून निरोप आला की पुढच्या लग्नाला दुसऱ्या कुणाला सांगितलं आहे. शाळेत मुख्याध्यापकांनी सुचवलं की मोठ्या घराशी वाकडं घेऊ नये. मी ऐकून घेतलं आणि पाठकोऱ्या कागदावर नवी यादी केली. त्याच एकोणीस बायका. डावीकडे नाव, उजवीकडे एकच रकाना: काय पाहिजे.

शाळा सुटल्यावर रोज दोन घरं केली. पहिल्यांदा सगळ्या घाबरल्या. सरकारी योजना आहे का, अंगठा कुठं द्यायचा, असं विचारायच्या. योजना नाही म्हटल्यावर म्हणायच्या, तूच लिही काहीतरी, कारण या प्रश्नाची सवयच नव्हती. मग हळूहळू सांगायच्या.

एकीला पेटीला कुलूप हवं होतं, जावेकडे किल्ली नसलेलं. एकीला मेलेल्या नवऱ्याचा फोटो मोठा करून हवा होता. तिच्याकडे फक्त आधार कार्डावरचा होता. एकीला शेगावला जाऊन एक रात्र खोलीत राहायचं होतं आणि दुसऱ्याच्या हातचं आयतं जेवायचं होतं. एकीने साडीच मागितली. पण रंग सांगितला. जांभळा, काठ बारीक, सुती. तिने तो रंग इतक्या पटकन सांगितला की किती वर्षं मनात ठेवला होता हे कळलं.

यादी पक्की झाल्यावर नक्कल काढून काकूंकडे पाठवली. वर लिहिलं, पुढच्या लग्नासाठी. वाचली की चुलीत घातली, माहीत नाही. दोन्ही चालेल. आता या बायका आपसात बोलतात, तिसरा गठ्ठा घ्यायचा नाही असं त्यांच्यातल्या अकरा जणींनी मला सांगितलं आहे. उरलेल्यांची भीती मला समजते. त्यांच्यावर मी जोर करणार नाही. पण माझ्या हातून यापुढे एकही वस्तू विचारल्याशिवाय कुणाला जाणार नाही, लग्न असो, दिवाळी असो, बारसं असो. विचारून आहेर देतात का, असं माझी नणंद म्हणाली. हो, देतात. मी देते.

एक नाव राहिलं आहे. ते एकोणिसांतलं नाही. माझ्या घरी अकरा वर्षं एक बाई भांडी घासायला येते. मालकांच्या घरी यादी लिहिल्याबद्दल मला मिळालेल्या साड्या मी नेसत नव्हते. दर दिवाळीला त्यांतली एक मी तिला दिली. घडी उलटवून.

तिचं नाव मी यादीच्या शेवटी लिहिलं आहे. तिला काय पाहिजे हे विचारण्याआधी, मी तिला काय देत आले ते सांगावं लागेल, तिच्या तोंडाकडे पाहून. त्याशिवाय विचारण्याला अर्थ नाही, हे मला पक्कं माहीत आहे. हे काम दुसऱ्या कुणाकडे देता येत नाही, पुढेही ढकलायचं नाही.

आज सकाळी सात वाजता ती आली. पावणेआठला गेली. मी तिला ते सांगितलं नाही. रकाना कोरा आहे.