मामाने न केलेली तपासणी

ठमीचा मामा एका मोठ्या इस्पितळात कारकून होता. तिशीत त्याची नजर गेली, तेव्हा नोकरीही गेलीच असं घरच्यांनी धरलं होतं. पण पठ्ठ्याने सहा महिन्यांत दोनशे विभागांचे नंबर तोंडपाठ केले आणि टेलिफोनच्या खुर्चीत जाऊन बसला. कुठल्या डॉक्टरांशी कधी बोलू नये, हे त्याला नुसत्या ‘हॅलो’वरून कळायचं.

कॉलेजच्या प्रकल्पासाठी ठमीने ‘इस्पितळ चालवणारी माणसं’ ही वेबसाइट केली, ती मामाच्याच ओळखीवर. आया, धोबी, लिफ्टवाला, स्वयंपाकी, असे तेवीस फोटो. अंधांनाही साइट वापरता यावी, अशी एक अट होती. फोटोत काय आहे ते त्याच्यामागे लिहून ठेवायचं, म्हणजे अंध माणसाचा फोन ते वाचून दाखवतो. तपासणीचं सॉफ्टवेअर रिकामी जागा चालवून घेईना, तेव्हा ठमीने तेवीसही ठिकाणी ‘चित्र’ एवढंच चिकटवलं. हिरवी खूण आली. वर आभाराच्या पानावर तिने मामाच्या नावावर एक ओळ ठोकून दिली.

ती ओळ वाचून कॉलेजच्या मॅडम खूश झाल्या. ‘‘उद्या मामांना घेऊन ये. त्यांच्याच तोंडून ऐकू.’’

तेव्हा कुठे ठमीला आपल्याच घराच्या वरच्या मजल्यावर राहणारा मामा आठवला.

‘‘येतो की,’’ मामा म्हणाला. ‘‘पण आधी ऐकू तर दे, काय दिवे लावलेत ते.’’

त्याने फोनच्या काचेवरून बोट सरकवलं. फोन म्हणाला, ‘‘चित्र.’’ पुन्हा सरकवलं. ‘‘चित्र.’’ मग, ‘‘चित्र. चित्र.’’

‘‘ठमे, फोन अडकला का गं माझा?’’

‘‘नाही,’’ ती कशीबशी म्हणाली.

बोट सरकत सरकत आभाराच्या पानावर पोचलं. ते मात्र फोनने न अडखळता वाचलं: ‘‘ही साइट माझ्या अंध मामांनी स्वतः तपासली असून त्यांना कुठेही अडचण आली नाही.’’

ठमीचे कान तापले. मामा चिडला असता तर बरं झालं असतं.

‘‘कधी तपासली गं मी?’’ त्याने शांतपणे विचारलं. ‘‘जिना चढून यायचं होतंस. तासाभराचं काम होतं.’’

‘‘मी उद्या मॅडमना खरं सांगते, मामा.’’

‘‘ते तर सांगशीलच. आता लिहायला बस. पहिला फोटो कोणाचा?’’

‘‘तुझा.’’

‘‘काय दिसतंय?’’

ठमीने पहिल्यांदाच तो फोटो नीट पाहिला. रिसीव्हर कानाशी, मान किंचित तिरपी, समोर टेलिफोनच्या लुकलुकत्या दिव्यांची पाटी. आणि शर्टाची बटणं चुकलेली, सगळीच्या सगळी एकेक घर खाली सरकलेली. कॉलरचं एक टोक हनुवटीपर्यंत आलेलं. हाच फोटो तिने घरात सगळ्यांना दाखवला होता. सगळे ‘झकास’ म्हणाले होते.

‘‘बोल की.’’

‘शर्ट निळा आहे’ एवढं सांगून भागलं असतं. तिने बटणांचंही सांगितलं.

मामाचा हात छातीकडे गेला. आजची बटणं त्याने वरून खाली एकेक चाचपली. बरोबर होती.

‘‘त्या दिवशी मी संध्याकाळपर्यंत तसाच बसलो होतो?’’

‘‘हो.’’

‘‘आणि कॅमेरा तुझ्याच हातात होता.’’

ठमीने मान हलवली. मग लक्षात आलं, हलवलेली मान त्याला कशी कळणार.

‘‘हो,’’ ती म्हणाली, आणि लिहायला लागली.