डगची माणसं

कॅनडात चौदा वर्षं काढल्यामुळे इथल्या माणसांचं इंग्रजी मला पूर्ण समजतं, असं मी सासूबाईंना सांगून ठेवलं होतं. (बायकोसमोर नाही. तेवढी अक्कल आहे मला.)

सासूबाई नागपूरहून आमच्याकडे एडमंटनला आल्या होत्या. त्यांना 'खरा कॅनडा' दाखवायचा म्हणून मी सगळ्यांना गाडीत कोंबलं आणि दीड तासावरच्या एका खेड्यात कंट्री म्युझिकच्या जत्रेला नेलं. मोकळं मैदान, गवताच्या गठ्ठ्यांमध्ये उभारलेलं स्टेज आणि समोर घरून आणलेल्या घडीच्या खुर्च्यांवर ऐसपैस बसलेलं अख्खं गाव.

"आपल्या खुर्च्या?" माझ्या बायकोनं, मंजिरीनं विचारलं.

"आयोजक देतात."

"आईचे गुडघे ठाऊक आहेत का तुझ्या आयोजकांना?"

तेवढ्यात नारिंगी जॅकेटवाला एक स्वयंसेवक आला आणि स्पीकरच्या गोंगाटात ओरडला, "यू फोक्स डग्ज फोक्स?"

"काय म्हणतोय हो?" सासूबाईंनी विचारलं.

"लोकसंगीत आवडतं का, असं विचारतोय," मी भाषांतर केलं आणि त्याला ठणकावून सांगितलं, "येस! ऑल फोर ऑफ अस! सिन्स चाइल्डहुड!"

त्यानं सासूबाईंच्या इरकली साडीकडे आणि साडीखालच्या स्नीकर्सकडे जरा वेळ पाहिलं. मग हसून आम्हाला थेट पहिल्या रांगेत नेलं, फुगे बांधलेल्या खुर्च्यांवर! मी मंजिरीकडे विजयी नजर टाकली. तिनं ती घेतली नाही.

मग पाहुणचार सुरू झाला. भाजलेली कणसं आली, ॲपल पाय आला. "लाँग ड्राइव्ह?" म्हणत एका आजींनी मला कडकडून मिठी मारली.

"किती अगत्य आहे या लोकांत!" सासूबाई कणीस सोलत म्हणाल्या.

एक आजोबा आमच्या अकरा वर्षांच्या इराची हनुवटी न्याहाळून म्हणाले, "यू'व्ह गॉट हिज चिन!"

"बाबा," इरा कुजबुजली, "व्हाय डू आय हॅव समबडीज चिन?"

याचं उत्तर स्टेजवरून आलं. निवेदकानं माइक हातात घेतला. फिडल वाजवणाऱ्या म्हाताऱ्या डगचा आज वाढदिवस होता. "अँड हिज फॅमिली इज हिअर! कम ऑन अप, फोक्स!"

अख्खं गाव आमच्याकडे बघून टाळ्या वाजवू लागलं.

"बाबा," इरा म्हणाली, "आय थिंक वी आर द फॅमिली."

"सगळे गुपचूप वॉशरूमकडे चला," मी म्हणालो.

"का म्हणून?" सासूबाई उठल्या. "म्हाताऱ्या माणसाचा वाढदिवस आहे ना? मंजू, चल!" गुडघे खुर्चीतच विसरून त्या पायऱ्या चढल्यासुद्धा! पर्समधून कुंकवाची डबी काढली, केकवरची एक पेटती मेणबत्ती उचलून कागदी प्लेटमध्ये रोवली आणि डगसमोर उभ्या राहिल्या. त्यानं गोंधळून, आदरानं डोक्यावरची काउबॉय हॅट काढली.

"अहो, टोपी राहू द्या! औक्षणाला डोकं झाकलेलं लागतं!"

डगनं ताबडतोब हॅट चढवली. (हे त्याला मराठीतून कळलं. माझं इंग्रजी त्या दिवशी कोणालाच कळत नव्हतं.)

ओवाळणं ऐन रंगात आलं आणि फाटकातून धुळीनं माखलेली दहाबारा माणसं धावत आली. वाटेत त्यांचा ट्रक बंद पडला होता. हे खरे 'डग्ज फोक्स', म्हणजे डगची माणसं!

मी माइकपाशी जाऊन झालेला घोटाळा कबूल केला. माझे कान लालेलाल.

"डॅड, हू आर दीज पीपल?" डगच्या मुलीनं विचारलं.

डगनं कपाळावरच्या कुंकवाला हळूच बोट लावलं. "दे वेअर ऑन टाइम," तो म्हणाला, आणि सगळं गाव खो खो हसत सुटलं.

मग ग्रुप फोटो ठरला. डगनं सासूबाईंना शेजारी उभं केलं, मंजिरी त्याच्या मुलीच्या गळ्यात गळा घालून, इरा त्याच्या नातवंडांत. नारिंगी जॅकेटवालासुद्धा घुसला. सासूबाईंनी मला हाक मारली, "जावईबापू, असे लांब काय उभे? या इकडे!"

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. कॉलर सारखी करत मी धावलो. सासूबाईंनी माझ्या हातात मोबाइल ठेवला.

"तुम्ही काढा हो फोटो. म्हणजे घरची सगळी माणसं येतील."