धाकट्या जावयाचा नेम

नऊ वर्षे अमेरिकेत व्यावसायिक बास्केटबॉल खेळलेल्या माणसाचा नेम घनसावंगीजवळच्या आमच्या सासऱ्यांच्या अंगणात एकसारखा का चुकत होता, या प्रश्नाचे उत्तर देण्यासाठी मी हे लिहीत आहे. प्रश्न किरकोळ वाटेल. परंतु गावात त्याचे एक उत्तर रूढ झाले आहे. ‘तो नुसता नावाचा खेळाडू होता’ हे ते उत्तर. ते चुकीचे आहे, आणि ते चुकीचे आहे हे मला पहिल्या दिवसापासून ठाऊक होते.

हा माणूस म्हणजे माझे अमेरिकन साडू. घरात त्यांना ‘धाकटे जावई’ म्हणत. उंची सहा फूट आठ इंच, गुडघ्यावर दोन शस्त्रक्रियांच्या खुणा, आणि हसताना मान थोडी खाली घालण्याची सवय. माझी मेहुणी वृषाली बियाण्यांच्या संशोधनासाठी अमेरिकेत गेली होती. तिथे त्यांचे लग्न झाले. पुढे नवीन जालन्यातल्या एका बियाणे कंपनीत तिने दोन वर्षांचे काम स्वीकारले, तेव्हा निवृत्त झालेले हे गृहस्थही तिच्यासोबत आले. मी थोरला जावई. जालन्यात शारीरिक शिक्षणाचा शिक्षक. त्या घराचा जावई होऊन मला तेव्हा एकोणीस वर्षे झाली होती आणि या एकोणीस वर्षांत सासरे मला ‘सर’ म्हणत आले होते. धाकटे महिनाभरात ‘जावईबापू’ झाले.

सासूबाईंनी त्यांच्यासाठी स्वयंपाकघराच्या चौकटीला वरच्या बाजूने जुन्या गोधडीचा तुकडा शिवून बसवला. त्यांचे डोके आपटू नये म्हणून. मी पाच फूट साडेपाच इंच. त्या चौकटीपर्यंत माझे डोके कधी पोहोचलेच नाही, त्यामुळे माझ्या डोक्याची काळजी घेण्याचा प्रसंग कुणावर आला नाही. तरीही त्या घरात शिरताना माझी नजर दर वेळी आधी त्या गोधडीकडे जाई. वाचकांनी याला असूया म्हटले तर माझी हरकत नाही. तोच शब्द बरोबर आहे.

त्यांचे मराठी हा दुसरा विषय. ते मराठी शिकले सासूबाईंच्या चुलीजवळ बसून, त्यामुळे ‘मी जेवत आहे’ असे न म्हणता ‘मी जेवून राह्यलो’ म्हणत. ‘का’ असे न विचारता ‘कामून’ विचारत. मी त्यांना एक वही आणून दिली आणि प्रमाण रूपे लिहून दिली. त्यांनी ती नीट वाचली, आभार मानले आणि म्हणाले, “बराबर हाय, दाजी. पण आई असं न्हाई बोलत.”

‘दाजी’ हेही चुकीचेच. थोरल्या बहिणीच्या नवऱ्याला धाकटी बहीण दाजी म्हणते, धाकट्या बहिणीचा नवरा नव्हे. वृषाली म्हणते म्हणून तेही म्हणत. मी हे नाते त्यांना फळ्यावर काढावे तसे कागदावर काढून दाखवले. त्यांनी कागद घडी करून खिशात ठेवला आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा हाक मारली, “दाजी, चहा?”

त्यांची एक सवय मी सुरुवातीपासून टिपून ठेवली होती. ते कुठेही बसले, लग्नात, बँकेत, ओट्यावर, तरी बुटांच्या नाड्या आधी घट्ट बांधत. बाहेर जायचे नसले तरी. एकदा मी विचारले. त्यांनी दिलेल्या उत्तरातच त्यांची सगळी कारकीर्द आहे, म्हणून ते सविस्तर देतो.

“दाजी, मी नऊ वर्षं बसून राह्यलो,” ते म्हणाले. “पाच टीम. पाची टीममध्ये बाकावर. सरावात माझं काम येगळं. उद्या समोर जो मोठा खेळाडू येणार, त्याच्यावानी आज मी खेळायचं. म्हंजी आपल्या माणसाला सवय व्हते.”

“आणि सामन्यात?”

“शेवटच्या मिनिटाला समोरचे मुद्दाम धक्का देते. मंग ज्याला धक्का, त्यालाच फ्री थ्रो भेटतो, रेषेवरून मोकळा नेम. तो चुकला का मॅच गेली. म्हून कोच आधीच मला म्हणे, ऊठ, चेंडू तू धर.”

दोन तास बसून थंड झालेला हात, वीस हजार माणसे ओरडत आहेत, आणि एक माणूस उठून रेषेवर उभा राहतो. नाड्या आधीच बांधलेल्या हव्यात, कारण त्या बांधायलासुद्धा वेळ नसतो. बाकीचे खेळाडू धावण्यासाठी, उडी मारण्यासाठी ओळखले जातात. या माणसाजवळ एकच गोष्ट होती. नेम. उरलेले सगळे गुडघ्यांसोबत गेले होते, नेम तेवढा राहिला होता. हे मी त्याच दिवशी समजून घेतले होते. पुढे जे घडले ते अजाणतेपणी घडले असे मला म्हणता येत नाही, ते यासाठी.

आता सासऱ्यांविषयी. कुणालाही काही मोजून द्यायचे, तर मापावर ओंजळभर जास्त घालायचे, हा त्यांचा जन्माचा नियम. शेजारणीला डाळ दिली तर वर एक ओंजळ. दुधाच्या तांब्यावर वर एक धार. “काट्याला काटा जमवून देणं म्हंजी देणं न्हाई, सर,” असे ते मला म्हणत. धोंड्याचा महिना आला, दोन्ही जावयांना जेवायला बोलावण्याचे ठरले, तेव्हा त्यांच्या मनात आले की जावईबापूंसाठी अंगणात बास्केटबॉलची रिंग उभी करावी. त्यांनी मला फोन केला.

“किती उंच ठिवायची, सर?”

“दहा फूट. जमिनीपासून रिंगच्या वरच्या कडेपर्यंत. जास्त नाही, कमी नाही.”

“दहा. बराबर.”

अंकुशनगरहून ओळखीचा वेल्डर आला. बोअरच्या जुन्या पाइपाचा खांब झाला, ट्रॅक्टर-ट्रॉलीच्या मागच्या फाळक्याचा बोर्ड झाला. सासरे दोन दिवस उन्हात खुर्ची टाकून वेल्डरजवळ बसले होते.

जेवणाच्या आदल्या संध्याकाळी मी सपत्नीक पोहोचलो आणि खांब पाहताच थबकलो. वीस-बावीस वर्षे मी मैदाने आखत आलो आहे. डोळ्याला माप कळते. दुसऱ्या दिवशी सकाळी घर जागे होण्याच्या आधी मी शाळेचा टेप घेऊन अंगणात गेलो आणि शिडी लावून मोजले. अकरा फूट पाच इंच.

कारण उघड होते. दहा फूट माझे, आणि त्यावर जावयासाठी सासऱ्यांच्या कोपरापासून बोटाच्या टोकापर्यंत एक हात जास्त. प्रेमाने घातलेली ओंजळ. फक्त ती डाळीवर न घालता रिंगवर घातली होती. वीस वर्षे दहा फुटांवर बसलेला हात सव्वाअकराच्या वर टाकू लागला, तर चेंडू कुठे जाईल हे सांगायला शारीरिक शिक्षणाचा शिक्षक लागत नाही. खांबाला दोन नटांवर जोड होता. एका पान्याने ती रिंग अर्ध्या तासात खाली आली असती. मी टेप गुंडाळला, खिशात ठेवला आणि आंघोळीला गेलो.

जेवणे झाली. पहिला पाट माझाच होता, नियमाप्रमाणे. पण सासूबाई कुंकू लावायला आल्या तेव्हा धाकटे गुडघे दुखत असूनही पाटावर गुडघ्यांवर उभे राहिले, म्हणजे सासूबाईंना वाकावे लागू नये. बायका कौतुकाने हसल्या. माझ्या कपाळाला कुंकू लागून आधीच वाळले होते.

दुपारनंतर अंगणात गाव जमले. सासऱ्यांनी नवा चेंडू दोन्ही हातांनी जावयाच्या हातात दिला. “दाखवा, जावईबापू. तुमच्या देशावानी दाखवा.”

धाकट्यांनी नाड्या पुन्हा एकदा ओढल्या. चेंडू तीनदा जमिनीवर आपटला, गुडघे वाकवले, फेकला. चेंडू रिंगच्या खालच्या बाजूला लागून परत आला. त्यांनी मान वर करून रिंगकडे पाहिले. क्षणभरच. मग खांबाशेजारी खुर्चीवर बसलेल्या सासऱ्यांकडे पाहिले, आणि मान खाली घालून हसले. दुसरा चुकला. तिसरा चुकला. दहांपैकी एक गेला, तोही फाळक्यावर आदळून.

माझा चुलत मेहुणा गजानन कुंपणावर बसला होता. तो ओरडला, “काका, जावई असली हाय ना? का तिकून बदलून आला?”

अंगण खदखदले.

“लटकून तरी दाखवा म्हणावं! एवढी उंची काय कडबा रचायला दिली का देवानं?”

“गजा, चूप बैस,” सासरे म्हणाले. पण त्यांचा चेहरा उतरला होता. “प्रवासाचा थकवा असन. व्हय ना, जावईबापू?”

“व्हय, आबा,” धाकटे म्हणाले. “आता म्हातारा होऊन राह्यलो.”

टेप माझ्या खिशात होता. मांडीला त्याचा गोल कडकपणा जाणवत होता. एक वाक्य पुरले असते. मी ते बोललो नाही. उलट गजाननने “दाजी, तुम्ही टाका बरं एखादा,” असे म्हणताच मी उठलो. मला उंची माहीत होती, त्यामुळे मी चेंडू मुद्दाम चढता फेकला. तो गेला. टाळ्या पडल्या. “आपले सर बरे!” असे कुणीतरी म्हणाले. एकोणीस वर्षांत त्या अंगणात माझ्यासाठी वाजलेल्या त्या पहिल्या टाळ्या, आणि खरे सांगायचे तर त्या मला गोड लागल्या. सर्वांत जोरात धाकट्यांनीच वाजवल्या होत्या.

त्यानंतर वर्षभर, जेव्हा जेव्हा ते गावी गेले, तेव्हा सासऱ्यांच्या आग्रहाखातर त्या रिंगवर खेळले आणि चुकले. मी एकदा म्हटले, “थोडा चढता टाकून पाहा.” ते म्हणाले, “न्हाई दाजी. हात एकच शिकलाय. त्याला आता दुसरं सांगत न्हाई.”

परत जाण्याच्या आठवड्यात ते जालन्याला आमच्या शाळेच्या मैदानावर आले. रविवार होता, मैदानावर आम्ही दोघेच. त्यांनी नाड्या बांधल्या आणि फ्री थ्रोच्या रेषेवर उभे राहिले. मी सवयीने मोजू लागलो. पन्नास फेकींपैकी एकोणपन्नास गेल्या. पन्नासावी मीच मध्येच खोकलो म्हणून चुकली असावी, असे मला वाटते. चेंडू जाळीतून जाताना एकच आवाज येत होता, पुन्हा पुन्हा, तोच. इतके दिवस शिकवूनही माझ्या एकाही विद्यार्थ्याच्या हातून मी तो आवाज पन्नास वेळा ऐकलेला नाही. माझ्या स्वतःच्या हातूनही नाही.

“इथली रिंग बराबर हाय,” ते चेंडू मला देत म्हणाले.

मी विचारले, “तिकडची बरोबर नाही, हे तुम्हाला केव्हा कळले?”

“पहिल्या चेंडूला.”

“मग सांगितले का नाही?”

“आबा दोन दिवस उन्हात बसल्ते, दाजी. माझ्यासाठी.” ते बाकावर बसले आणि नाड्या सोडू लागले. त्यांना नाड्या सोडताना मी प्रथमच पाहत होतो. मग वर न पाहता म्हणाले, “तुम्ही पण मोजलं व्हतं ना. त्या दिवशी सकाळी. मी गच्चीवर बसल्तो.”

मी हातातला चेंडू खाली ठेवला.

“मी वृषालीला पण न्हाई सांगितलं,” ते म्हणाले, आणि माझ्या खांद्यावर हात ठेवून उठले.

आम्ही दोघेही एकाच गोष्टीविषयी वर्षभर गप्प राहिलो होतो. त्यांनी सासऱ्यांचे दोन दिवस सांभाळले, आणि वर माझी ती सकाळही सांभाळली. मी काय सांभाळले, ते लिहिण्याची गरज नाही. त्यांच्या उंचीचा मला हेवा वाटला होता, चौकटीवरच्या गोधडीचा वाटला होता, ‘जावईबापू’ या हाकेचा वाटला होता. त्या रविवारी मला त्यांच्या गप्प बसण्याचा हेवा वाटला. तो अजून गेलेला नाही.

ते गेले. दोन महिन्यांनी मी एकटाच घनसावंगीला जीपने गेलो आणि सासऱ्यांना सांगितले.

“एक हात म्याच वाढवला व्हता,” ते म्हणाले. “मंग त्याच्यानं चुकत व्हते का ते?”

“हो.”

“त्यांना ठावं व्हतं?”

“पहिल्या चेंडूपासून.”

“आन् तुम्हाला?”

“त्याच सकाळी मोजले होते.”

सासऱ्यांनी खांबाकडे पाहिले. “त्यांनी माझ्याकडं पाहून न्हाई सांगितलं,” ते म्हणाले. “तुम्ही कामून न्हाई सांगितलं?”

आयुष्यभर मी विद्यार्थ्यांना प्रश्न विचारले. उत्तर येत नसेल तर उभे राहा, असे सांगितले. मी उभाच होतो. शेवटी म्हटले, “मी पाना आणला आहे. आत्ता दहा फुटांवर आणून देतो.”

“नका हात लावू. आता खाली घेतली, तर गाव म्हणन, जावई गेले आन् म्हाताऱ्यानं लाज झाकली. हाय तशी राहू द्या. तुम्हाला लिव्हता येतं ना? मंग लिवा.”

त्या दिवशी निघताना त्यांनी मला ‘सर’ म्हटले नाही. काहीच म्हटले नाही. सासूबाईंनी मात्र डाळीची पिशवी दिली. माप भरून, वर एक ओंजळ.

म्हणून लिहिले. धाकट्या जावयाचा नेम चुकत नव्हता, रिंग एक हात उंच होती. ती अजून त्याच अंगणात, त्याच उंचीवर आहे. परंतु कोणीही माझ्या शब्दावर विसंबू नये, कारण बोलायचे तेव्हा मी बोललो नव्हतो. शक्य असेल त्याने तिथे जावे, पोलादी टेप न्यावा, खांबाच्या बुडाशी माती सपाट करून घ्यावी आणि जमिनीपासून रिंगच्या वरच्या कडेपर्यंत स्वतः मोजून पाहावे, एवढी विनंती आहे.