बुडणारं मूल ओरडत नाही

गेल्या मंगळवारी सकाळी पनवेलच्या स्विमिंग पूलवर माझी मुलगी बुडत होती, आणि मी बाहेर उभा राहून तिला हसत हात करत होतो.

चार दिवस झाले. राग काही जात नाही...

सई सात वर्षांची. मे महिन्याच्या सुट्टीतली शिकाऊ बॅच, सकाळी आठची. तीस-पस्तीस मुलं, एक कोच, एक लाइफगार्ड. पालकांनी कमरेएवढ्या रेलिंगच्या बाहेर थांबायचं, कारण आईबाप जवळ दिसले की मुलं रडतात म्हणे. आम्हीही निमूट मान्य केलं होतं.

त्या दिवशी कोच पलीकडच्या टोकाला मोठ्या मुलांकडून डाइव्ह करून घेत होते. त्यांची कसलीशी स्पर्धा जवळ आली होती. गेटवरचा माणूस रजेवर, म्हणून लाइफगार्डला तिथे पास तपासायला बसवलेलं. त्याची उंच खुर्ची रिकामी, आणि तिच्यावर कुणीतरी टॉवेल वाळत घातला होता.

सई उथळ बाजूला, काठाला धरून पाय मारत होती. मी मोबाइलवर ऑफिसचा एक मेसेज वाचला... फार तर अर्धा मिनिट. मान वर केली तर ती काठापासून चार-पाच हात लांब, जिथून तळ उतरत जातो तिथे. डोकं मागे गेलेलं, तोंड उघडं, हात पाण्यावर थापटतायत. चेहरा माझ्याकडे. मला वाटलं, मला तरंगून दाखवतेय... मी हात हलवला.

शेजारी एक मावशी उभ्या होत्या. साठीच्या, उरणजवळच्या मोरा बंदरातल्या. सुट्टीपुरत्या पनवेलला लेकीकडे आल्या होत्या आणि नातीला रोज पूलवर घेऊन यायच्या. आमची ओळख हसण्यापुरती. त्यांनी माझा हलणारा हात धरून खाली केला.

"ती खेलत नाय. बुडते हाय."

मला अर्थ लागेपर्यंत त्या रेलिंगखालून वाकून आत गेल्या होत्या आणि साडीसकट पाण्यात उतरल्या होत्या. मी रेलिंग ओलांडून धावलो आणि काठावर येऊन थांबलो. मला पोहता येत नाही. चाळिशीचा बाप, मुलगी समोर... आणि पाय काठावर.

मावशींनी मागून जाऊन तिच्या काखेत हात घातले, तोंड पाण्याच्या वर धरलं आणि तिला काठाशी आणलं. मी वर ओढून घेतलं. ती ओकली, खोकली आणि मग रडायला लागली. तोवर सईच्या तोंडून एक आवाजसुद्धा निघाला नव्हता. पाच फुटांवर बाकीची मुलं खेळत होती, त्यांनाही कळलं नव्हतं.

कोच आले, तिच्या पाठीवर थोपटलं. "थोडं पाणी प्यायलीय. सुरुवातीला सगळेच पितात."

मग केबिनमधून पूलचे मॅनेजर आले. माणूस सईकडे बघेल, काही विचारेल असं वाटलं होतं. ते मावशींना म्हणाले, "बाई, साडीत पाण्यात उतरता येत नाही. बोर्ड वाचला नाही का?"

मावशी पदर पिळत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "कापडं बदलाया गेली असती तं पोर रायली असती का?"

मी भांडणारा माणूस नाही. बँकेत काउंटरवर बसतो, लोकांचं ऐकून घ्यायची सवय आहे. पण त्या केबिनमध्ये माझा आवाज असा चढला की मलाच ओळखू येईना. मॅनेजर म्हणाले, "साहेब, शांत व्हा. काही झालं तर नाही ना?"

काही झालं नाही, ते तिथे एक आजी उभी होती म्हणून. ज्यांना त्या कामाचा पगार मिळतो त्यांच्यातलं एकही माणूस जागेवर नव्हतं. हे मी तक्रार वहीत जसंच्या तसं लिहून आलोय.

तिथून सईला थेट डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी संध्याकाळपर्यंत ठेवून घेतलं. पाण्यातून काढलेलं मूल ठीक दिसत असलं तरी दाखवायचंच, म्हणाले. हे मला कोचनी सांगायला हवं होतं...

पलंगावर पडल्या पडल्या सईने विचारलं, "बाबा, मला बोलताच येत नव्हतं. तू हात का करत होतास?"

मी म्हटलं, मला कळलं नाही बाळा. दुसरं खरं उत्तर नव्हतं. तेव्हापासून जो राग आहे, त्यात माझाही वाटा आहे.

काल शुक्रवारी आम्ही अकरा पालक गेटवर उभे राहिलो. लाइफगार्ड खुर्चीवर बसेपर्यंत एकही मूल पाण्यात जाणार नाही, एवढंच सांगितलं. वीसेक मिनिटं नियम ऐकवून झाले, आणि मग मॅनेजर स्वतः पास तपासायला बसले. इतकं सोपं होतं ते. आता रोज दोन पालक आळीपाळीने काठावर थांबणार आहेत. मी मोठ्यांच्या शिकाऊ बॅचला नाव घातलंय.

निघताना मावशींना विचारलं, तुम्हाला इतक्या लांबून कळलं कसं?

त्या म्हणाल्या, "लहानपनी आमी जेट्टीवरून उड्या मारायचो. आमची धाकटी बहीन अशीच गेली. तोंड वर, आवाज नाय. आमाला वाटला मस्करी करते... आमी हसत होतो."

त्यांनी नातीचा हात धरला आणि जाता जाता म्हणाल्या, "आता तुला बी कललंय. दुसऱ्यांना सांग."

सांगतोय, मावशी.