क्लच कुणाच्या तेलाने जळला?

पोंगलची सुट्टी संपून दुकाने उघडली त्या पहिल्या सोमवारी, सकाळी अकराच्या आत, तंजावुरातल्या एका मोटरसायकल मेकॅनिकवर अन्याय झाला. दिवस आणि वेळ मुद्दाम सांगते आहे. 'जाऊ द्या, कधीतरी काहीतरी झालं' असं म्हणून आमच्या गावात पुष्कळ गोष्टी पुरल्या जातात. ही पुरू द्यायची नाही.

स्टेशनकडच्या रस्त्यावर नवे शोरूम उघडले होते. त्याच्या काचेवर त्या सकाळी एक कागद लागला : 'राजवाड्यामागच्या गल्लीत साधे तेल घातलेल्या गाडीची अवस्था पाहा.' खाली सुतळीला एक जळून काळी पडलेली क्लच प्लेट टांगलेली. नाव नव्हते. नावाची गरजच काय? त्या गल्लीत मेकॅनिक एकच होता.

आता हा माणूस कसा होता ते ऐका. गाडीतले जुने तेल काढले की त्याचा एक थेंब अंगठा आणि बोटाच्या मध्ये धरून, डोळे मिटून चोळायचे. मग वास. मग दुसरा थेंब टीपकागदाच्या तुकड्यावर. त्या कागदावर गाडीचा नंबर आणि किलोमीटर लिहून कागद दोरीला चिमट्याने लावायचे. दुकानभर असे डाग वाळत असायचे, एखाद्या घरी बाळाची दुपटी वाळावीत तसे. डागाच्या कडेला काळी रेघ धरली की तेल संपले, असे ते म्हणत. कुणी घाईने काही बोलला की त्यांचे एकच वाक्य : "बघून बोल की."

ते आमच्यातलेच, म्हणजे तंजावूरच्या मराठी घरातले. मी त्यांना काका म्हणायची. टीपकागदावरच्या नोंदी मराठीत, पण तमिळ अक्षरांत. देवनागरी त्यांना येत नव्हती. आमच्याकडे ती येतेच किती जणांना! शोरूमचा एक माणूस एकदा ते कागद वाचायला गेला आणि 'हे जादूटोण्याचे मंत्र आहेत' असे सांगत बाहेर पडला. कागदावर लिहिले होते, 'वास कडू, पोराला ब्रेक हळू दाबायला सांग.'

त्याच सुमारास परदेशी मालाला बाजार खुला झाला होता आणि सोनेरी डबे आले होते. सिंथेटिक तेल! डब्यावर झेप घेणारी परदेशी मोटार. गिऱ्हाईक विचारायचे, "राव, साधं घालू की सिंथेटिक?"

काका उलट विचारायचे, "जातोस कुठं?"

"ऑफिसला."

"किती लांब?"

"दीड किलोमीटर."

"मग चालत जा. अस्कं, सगळंच तेल वाचेल."

हसून झाले की नीट सांगायचे. गावातल्या गावात फिरणाऱ्याला साधे तेल पुरे, फक्त वेळेवर बदल. औषधाच्या पेट्या बांधून चैत्राच्या उन्हात नागपट्टणला जाऊन त्याच दिवशी परतणाऱ्या विक्रेत्याला मात्र ते म्हणाले होते, "तुला परवडत असेल तर सिंथेटिक घाल. तापून पातळ होत नाही, जास्त टिकतं. पण मोटरसायकलचं घे. मोटारीचं नोको." हे वाक्य लक्षात ठेवा. तेव्हा मी ठेवले नाही.

कागद लागल्यावर पंधरा दिवसांत दुकान ओस पडले. कॉलेजातले एक प्राध्यापक दहा वर्षांचे गिऱ्हाईक. त्यांना गल्लीच्या तोंडाशी गाडी बंद करून ढकलत नेताना मी स्वतः पाहिले. आवाजावरून काका गाडी ओळखतील, ही भीती! काकांनी पाहिले होते. पुसलेले पाने पुन्हा पुसत बसले. तीस वर्षांत त्यांनी हाताशिवाय दुसरे काही विकले नव्हते, आणि त्या हातावरच गावाचा विश्वास उरला नव्हता.

मी तेव्हा ग्राहक मंडळाची पत्रके लिहायची; आमच्याकडे त्यांना नोटीस म्हणतात. रागाने पेटले आणि एका बैठकीत पत्रक लिहून काढले : 'परदेशी तेल, देशी लूट! सिंथेटिक हाकला!' पाचशे प्रती छापून गठ्ठा काकांपुढे ठेवला.

त्यांनी वरची प्रत वाचली. चष्मा काढला.

"नोटीसबाई, हे तू कुठं बघितलंस?"

"काय?"

"सिंथेटिक वाईट असतं, हे."

"काका, त्यांनी तुमचं नाव घालवलं!"

"म्हणून मी तेलाचं घालवू? तेलानं काय केलं? बघून बोल की."

पाचशे प्रती! मी रडकुंडीला आले. त्यांनी त्यातल्या एका प्रतीच्या कोऱ्या बाजूला पेन्सिलीने चित्र काढून दाखवले. मोटारीचा क्लच कोरडा, इंजिनाबाहेर. मोटरसायकलचा क्लच इंजिनाच्याच तेलात बुडालेला. मोटारीच्या तेलात घर्षण कमी करणारे काहीबाही घातलेले असते. ते मोटारीला अमृत. पण क्लचच्या प्लेटींनी एकमेकींना घट्ट धरायचे असते. त्यांच्यात ते शिरले की पकड सुटते, प्लेटी घसरतात, घसरून जळतात.

"मग ती टांगलेली प्लेट?"

"गुरांच्या डॉक्टरच्या गाडीची. प्लेटीवर माझी खूण आहे. मीच बसवली होती. पण गेले पाच महिने त्याचा कागद नाही माझ्याकडं." त्यांनी दोरीकडे बोट केले. "तेल दुसऱ्या कुणी तरी बदललंय."

मी तडक गुरांच्या डॉक्टरांकडे गेले. वेण्णार नदीपलीकडच्या गावांतून रोज गायी-म्हशी तपासत हिंडणारा भला माणूस. आधी चहा दिला, मग बिस्किटे दिली, मग खाली बघून म्हणाला, "शोरूमचं फुकट सर्व्हिसचं कूपन होतं, बाई. सोनेरी डबा घातला त्यांनी. महिनाभरात गाडी नुसती ओरडायला लागली, पुलावर चढेना. परत नेली तर म्हणाले, आधीच्या मेकॅनिकचा दोष. जुनी प्लेट काढून ठेवून घेतली, नवी बसवली. आणि आता ही पण तशीच ओरडते."

"तेल कुठलं आहे आत्ता?"

"तेच. सोनेरी."

शुक्रवारी सकाळी नऊ वाजता आम्ही शोरूमसमोर उभे राहिलो. काका, डॉक्टर, डॉक्टरांची गाडी आणि मी. रिक्षावाले जमले, बस थांबून बघू लागली. व्यवस्थापक बाहेर आला. "काय राव, माफी मागायला आलात?"

"भिंत मागायला आलोय," काका म्हणाले. "तुमची. दहा मिनिटं."

त्यांनी गाडीचे पुढचे चाक शोरूमच्या भिंतीला टेकवले. गाडी सुरू केली, वरचा गिअर टाकला आणि हळूहळू क्लच सोडला. मेकॅनिकांची ही जुनी परीक्षा. क्लच धड असेल तर चाक अडल्यावर इंजिन गुदमरून बंद पडायलाच हवे. क्लच पूर्ण सुटला. इंजिन बंद पडेना! भिंतीला नाक लावून गाडी जागच्या जागी डरकाळ्या फोडत राहिली. रिक्षावाले हसायला लागले.

"हे तुमचं तेल," काकांनी सांगितले, आणि तिथेच फूटपाथवर पोते अंथरून बसले. तेल काढले. नव्या प्लेटी आपल्या साध्या तेलात भिजवून आणल्या होत्या, त्या बसवून तेच तेल घातले. तासाभराने गाडी पुन्हा भिंतीला. क्लच सोडला. डुक्. इंजिन गप्प.

काय आरडाओरडा झाला! मी तर टाळ्या वाजवत होते. एकजण ओरडला, "परदेशी तेल मुर्दाबाद!" बाकीच्यांनी साथ दिली. जिंकलो होतो. निघायचे होते.

काका उठेनात. पिशवीतून त्यांनी एक निळा डबा काढला. सिंथेटिक. त्या औषधविक्रेत्याच्या भावाने सिंगापूरहून आणलेला, वर मोटरसायकलचे चित्र. मी त्यांच्या कानाशी वाकले. "काका, नोको! आता कशाला? बंद पडली नाही तर?"

"तर मी चुकलो, तेही लोकांना कळेल."

पुन्हा तेल काढले, निळ्या डब्यातले घातले, रस्त्यावर एक फेरी मारून आले. चाक भिंतीला, वरचा गिअर, क्लच सुटला.

डुक्.

"तेल साधं की सिंथेटिक, हा प्रश्नच नव्हता," काका व्यवस्थापकाला म्हणाले, आवाज न चढवता. "मोटारीचं तेल मोटरसायकलीत ओतलंत आणि दोष माझ्या हाताला दिलात. माझी प्लेट परत द्या."

आणि त्याने दिली! स्वतः स्टुलावर चढून सुतळी सोडली, काचेवरचा कागद फाडला. दुसऱ्या दिवशी त्याच काचेवर नवा कागद : मोटारीचे तेल घातलेल्या दुचाक्यांचे तेल आणि क्लच फुकट बदलून मिळेल, चूक आमची. खाली शोरूमचा शिक्का. प्राध्यापक संध्याकाळी गाडी चालवत आले, चांगला हॉर्न वाजवत. काका म्हणाले, "या सर. ढकलून दमला असाल." आठवडाभरात गल्लीत गाड्या लावायला जागा उरली नाही. माझ्या पाचशे पत्रकांच्या कोऱ्या पाठींवर ते क्लचचे चित्र काढून गिऱ्हाइकांना वाटत राहिले. इतके वाचले गेलेले पत्रक मी पुन्हा कधी लिहिले नाही.

गेल्या कार्तिकात काका गेले. त्या जागेत आता एसटीडी बूथ आहे. काचेच्या पेटीत उभे राहून लोक दुबईला मोठमोठ्याने बोलतात. काही मंडळी मला भेटली. सभा घेऊ, फोटोला हार घालू म्हणाली. मी नको म्हटले. हार घालून घरी जाणारे लोक उद्या पुन्हा एखादा कागद वाचून गाडी ढकलत नेतील.

वाचणाऱ्यांनो, तुमच्याकडून मला दुसरेच हवे आहे. पुढच्या वेळी तेल बदलायला जाल तेव्हा गाडी सोडून कॉफीला जाऊ नका. तिथेच उभे राहा. डबा आपल्या हातात घ्या, पाठीवरची बारीक अक्षरे वाचा, आणि मोठ्याने विचारा : हे मोटरसायकलचे आहे का? स्पष्ट उत्तर मिळेपर्यंत झाकण उघडू देऊ नका.