टाळेबाईंच्या घरचं पोट

शहरातल्या सगळ्या पोहण्याच्या तलावांना टाळेबाईंचा धाक होता. त्या सरकारी प्रयोगशाळेत पाणी तपासत. नमुन्यात परजीवी सापडला की तलावाला टाळं, म्हणून हे नाव. तलावांचे व्यवस्थापकही बेरकी. क्लोरीन घातलेलं ताजं पाणी जिथून आत येतं, तिथेच ते बाईंना मोठ्या अदबीने घेऊन जात. बाई "वा, किती स्वच्छ" म्हणून कौतुक करत आणि लहान मुलं डुंबतात त्या कोपऱ्यात जाऊन कॅन भरत. पाण्याला वास आला की लोकांना वाटे, क्लोरीन भरपूर आहे. बाई सांगत, "तो नुसत्या क्लोरीनचा वास नाही. क्लोरीन आणि मूत यांच्या संसाराचा आहे." ऐकणारा मग तोंड घट्ट मिटून पोहत असे.

बाईंनी स्वतः जन्मात तलावात पाय बुडवला नव्हता. यजमान मात्र निवृत्तीनंतर पाण्यातच राहायला गेले होते. त्यांना एकच ध्यास होता, ज्येष्ठांच्या शर्यतीत आपल्या शिंप्याला हरवायचं. शिंपी दर वर्षी पहिला येई, आणि मग वर्षभर माप घेताना यांच्या पोटावर टेप जरा जास्तच वेळ धरून ठेवी. यंदा मात्र यजमान जोरात होते. सुट्टीच्या दिवशी बाई घड्याळ घेऊन काठावर बसत. या माणसाने एकदा तरी जिंकावं, असं त्यांनाही अगदी मनापासून वाटत होतं.

शर्यतीच्या आदल्या दिवशी, जिथे शर्यत व्हायची त्याच तलावाच्या नमुन्यात मायक्रोस्कोपखाली हिरवे गोल ठिपके दिसले. परजीवी, ओळखीचाच चोर. पोट बिघडलेल्या माणसाबरोबर तो पाण्यात उतरतो, क्लोरीनला दाद देत नाही, आणि ज्याच्या पोटात जाईल त्याला संडासात मुक्काम करायला लावतो.

बाईंनी डोळे पुसून पुन्हा पाहिलं. मग त्यांना आठवलं, घरातली जुलाबावरची मीठ-साखरेची पाकिटं हल्ली भराभर संपली होती. विचारलं तेव्हा यजमान म्हणाले होते, "सरावाने घाम किती येतो गं." जुलाब थांबले तरी पुढचे दोन आठवडे पाण्यात उतरायचं नाही, हे व्याख्यान बाई साऱ्या जगाला देत. घरात तर ते ताटात वाढलं जाई.

अहवाल एक दिवस उशिरा दिला असता तर कोणाला कळणार होतं? हा विचार बाईंच्या मनात आला आणि चांगला ऐसपैस बसला. मग त्यांना मुलांचा तो कोपरा आठवला, आणि त्यांनी फोन उचलला.

संध्याकाळी तलावाच्या फाटकाला टाळं होतं आणि बाहेर गर्दी. सगळ्यात चढा आवाज यजमानांचा.

"कोण हा नतद्रष्ट? पोट बिघडलंय तर घरी बसावं ना माणसाने. इथे आमची वर्षाची मेहनत पाण्यात गेली."

शिंप्याला गहिवरून आलं. त्याने यजमानांच्या खांद्यावर हात ठेवला. "सापडू दे हो तो. दोघं मिळून बघू त्याच्याकडे."

तेवढ्यात बाई गर्दीतून वाट काढत आल्या. पर्समधून त्यांनी झाकणाची एक छोटी प्लास्टिकची डबी काढली आणि यजमानांच्या हातात ठेवली.

"उद्या सकाळी आठवणीने भरून द्या," त्या म्हणाल्या. "तपासायचंय."

शिंप्याने डबीकडे पाहिलं. मग यजमानांच्या पोटाकडे. खांद्यावरचा हात त्याने हळूच काढला आणि पँटला पुसला.