देवीवाल्याचा फ्लू

सहदेव आरोलकर आयुष्यात कधी चुकला नाही. म्हणजे चुकायचा तो तुमच्याआमच्यासारखाच, दिवसातून चार-पाच वेळा, पण ते कबूल करणं त्याच्या पत्रिकेतच नव्हतं. एकदा मेहुणीच्या साखरपुड्याला गडी नवे कपडे घालून, नारळ घेऊन विलेपार्ल्याला जाऊन थडकला, तो नेमका आठवडाभर आधी. दारात धुणं वाळत होतं. तरी म्हणाला, मुद्दाम आलो, तयारी कुठवर आली ते बघायला. बायको नलिनीने त्या दिवशी कपाळाला हात लावला, तो लग्नाला सोळा वर्षं झाली तरी खाली आला नव्हता.

राहायला घाटकोपरच्या चाळीत, आणि नोकरी म्युनिसिपालिटीत, देवीची लस टोचायची, लोकांच्या भाषेत देवी काढायची. वाट्याला अंधेरीच्या पूर्वेचा भाग आलेला. खांद्याला खाकी पिशवी, तीत लशीच्या नळ्या, स्पिरिटचा बोळा आणि दंडावर टेकवून गर्रकन फिरवायची दातेरी टोचणी. लोक त्याला देवीवालाच म्हणायचे. टोचून झालं की त्याचं वाक्य ठरलेलं: एकदा अंगाने ओळखलं की जन्माचं ओळखलं. ज्यांना देवी येऊन गेल्या त्यांना पुन्हा येत नाहीत, हे त्याने डोळ्यांनी बघितलं होतं. लशीला मात्र तीनेक वर्षांनी उजळणी लागते, हे तो जरा हळू आवाजात सांगायचा.

सगळा भाग त्याने टोचून काढला. अडला तो एका घरापाशी. तिथल्या गावठाणात ईस्ट इंडियन, म्हणजे मूळच्या मुंबईकर ख्रिस्ती लोकांची जुनी घरं होती, आणि त्यात कॉन्सेप्टाबायचा शब्द म्हणजे शेवटचा शब्द. तिचा नातू ज्युलियस सात महिन्यांचा. सून विनी पोराला टोचून घ्यायला तयार होती, पण सासूपुढे तिचं काय चालणार? चांगल्या धडधाकट पोराला मुद्दाम ताप आणायचा हे म्हातारीला पटत नव्हतं. सहदेव सहा महिने दर बुधवारी जात होता. दर बुधवारी चहा मिळायचा, दंड मिळायचा नाही.

याला तुम्ही नोकरीची खाज म्हणाल तर तसं नव्हतं. आदल्या वर्षी गावठाणामागच्या पत्र्याच्या वस्तीत देवी आल्या आणि एक दीड वर्षाचं पोर गेलं. त्या घरीही सहदेव दोनदा जाऊन हात हलवत परत आला होता. ते पोर शेवटी कसं दिसत होतं हे त्याने नलिनीलासुद्धा कधी सांगितलं नाही. ज्युलियसला बघितलं की त्याला तेच पोर आठवायचं.

अशात अडुसष्टच्या सप्टेंबरात फ्लू आला. घरोघर माणसं गोधड्या घेऊन पडली. सहदेव मात्र छाती काढून हिंडत होता, कारण सत्तावन्नच्या फ्लूत तो दहा दिवस आडवा होता. एकदा ओळखलं की जन्माचं ओळखलं! देवीचा कायदा त्याने बिनदिक्कत फ्लूला लावून टाकला आणि गावठाणात जाहीर केलं, की सत्तावन्नला ज्यांनी ताप काढला त्यांनी खुशाल फिरावं.

कॉन्सेप्टाबायलाही सत्तावन्नला फ्लू झाला होता. तिने देवीवाल्याला डोक्यापासून पायापर्यंत न्याहाळलं आणि पैज लावली. यंदा तुला ताप आला नाही, तर तुझं शास्त्र खरं आणि पोराचा दंड तुझा. आला, तर पुन्हा या पायरीवर पाय ठेवायचा नाही. शहाणा माणूस इथे जरा थांबला असता. सहदेवने तिथल्या तिथे हो म्हटलं.

सहाव्या दिवशी त्याला शिंक आली. ती धुळीची होती. मग दुसरी आली, ती नलिनीच्या फोडणीची. दुपारपर्यंत हाडं कुटल्यासारखी झाली, तेव्हा म्हणाला, काल जिना भरभर चढलो. शेवटी दातावर दात वाजायला लागले आणि नलिनीने कपाळाला हात लावला. या खेपेला त्याच्या.

"ताप इलो हा तुमका," ती म्हणाली.

"तुझो हात थंड आसा," सहदेव गोधडीतून बोलला.

दुसऱ्या दिवशी बुधवार. गेलो नाही तर म्हातारी ओळखणार, म्हणून हा शहाणा अंगात ताप घेऊन, तोंडाला पावडर फासून निघाला. गावठाणापर्यंत पोचला, पण कॉन्सेप्टाबायच्या पायरीवर त्याला अशा सात शिंका आल्या की तिची बदकं उडून विहिरीच्या कठड्यावर गेली. म्हातारी दारात काठी आडवी धरून उभीच होती. तिने विनीला पोरासकट आत पाठवलं, याला मिरीचं गरम पाणी पाजलं, दवाखान्याची वाट दाखवली आणि दार लावून घेतलं. ते दार लागलं तेव्हा सहदेवला तापापेक्षा मोठी हुडहुडी भरली. पैज गेली ती गेली, पोराचं काय?

म्युनिसिपालिटीच्या दवाखान्यात डॉक्टर क्षमा रेगे होत्या. त्यांनी आधी त्याला तापात गावभर शिंकत फिरल्याबद्दल झाडला, मग नाडी बघितली. सहदेवने कळवळून विचारलं, की एकदा येऊन गेलेला फ्लू मला पुन्हा आलाच कसा?

बाईंनी त्याला समजेल असं सांगितलं. रोगाचा विषाणू शिरला की रक्तातल्या पेशी त्याच्या अंगावरचा सदरा बघून ठेवतात. त्या सदऱ्याला बरोबर चिकटतील अशी द्रव्यं तयार होतात, आणि काही पेशी तो सदरा वर्षानुवर्षं लक्षात ठेवतात. देवीचा विषाणू जन्मभर एकच सदरा घालतो, म्हणून तो फसतो. फ्लूचा बेटा सदरे बदलतो. यंदा तर नवाच शिवून आलाय, त्यामुळे तुझ्या रखवालदारांनी त्याला दारातच अडवला नाही. ताप आणि अंगदुखी बरीचशी त्यांच्याच मारामारीची, नवी द्रव्यं तयार व्हायला आठवडा तरी लागतो.

"पण तुला जुनी थोडी ओळख कामाला येईल बहुतेक," त्या म्हणाल्या. "सदरा नवा असला तरी एखादं बटण जुनंच आहे."

झालं, एवढं बटण सहदेवला पुरलं. चौथ्या दिवशी तो उठून बसला. सत्तावन्नला दहा दिवस, आता चार! म्हणजे आपण निम्मे बरोबर होतो. नलिनी म्हणाली, निम्मे बरोबर म्हणजे निम्मे चूक.

खोकला पुरता थांबल्यावर, पंधरा दिवसांनी, तो गावठाणात गेला. पैजेप्रमाणे पायरीवर पाय ठेवला नाही, अंगणातच उभा राहिला. कॉन्सेप्टाबायही तापातून नुकतीच उठली होती, तीन दिवसांतच, पण त्याचं श्रेय ती मिरीच्या पाण्याला देत होती. सहदेवने सदऱ्यांची सगळी कथा तिला ऐकवली. देवीचा सदरा बदलत नाही, लस खोटी नाही, हे परत परत सांगितलं. शेवटी मान खाली घालून म्हणाला, की फ्लूच्या बाबतीत मी निम्मा चुकलो.

"निम्मा?" म्हातारी म्हणाली. "मग पोराला देवी पण निम्मीच काढशील?"

विनी पोराला कडेवर घेऊन दारात आली होती. ज्युलियसने देवीवाल्याकडे बघून तोंडभर हसून लाळ गाळली. सहदेव त्याच्या त्या गुबगुबीत दंडाकडे बघत राहिला. चाळीस वर्षांत जी पुरी कबुली त्याने आईला, मास्तरांना, साहेबांना, नलिनीला कधी दिली नव्हती, ती त्याने त्या अंगणात, बदकांच्या देखत दिली.

"चुकलो. पुरा चुकलो, बाय."

कॉन्सेप्टाबायने विनीच्या कडेवरून पोराला घेतलं, अंगणात आली आणि त्याच्या झबल्याची बाही स्वतःच्या हाताने वर केली.

"सहा महिने मना तुझ्या सुईचा भ्या नव्हता रे," ती म्हणाली. "कधी चुकत नाय त्या माणसाचा भ्या होता. आता काढ."